पुसलेल्या फाईलमध्ये लिहीत बसलेलं यंत्र

एस्किल माझा जावई. तो काय काम करतो असं कोणी विचारलं की मी "बंदरात असतो" एवढंच सांगते आणि विषय बदलते. मासे तो धरत नाही, विकत नाही, साफही करत नाही. ओळखता तरी येतात म्हणावं, तर तेही नाही. इथं आला त्या वर्षी क्रेटमधल्या कॉडकडे बघून त्यानं, "हेरिंग मोठा झाला की असा होतो का?" असं अगदी मनापासून विचारलं होतं. लिलाव चालवणारा थोरवाल हसता हसता बर्फाच्या ढिगावर बसला आणि दिवसभर ओल्या पँटनं हिंडला.

एस्किल मधल्या मुलखातला, समुद्रापासून लांबचा. त्याचा बाप चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा. माझी लेक बोदिल दातांच्या दवाखान्यातलं काम शिकायला तिकडे गेली आणि येताना याला घेऊन आली. पहिल्या जेवणाला तो आमच्या टेबलाशी बसला आणि अख्ख्या जेवणात एकच वाक्य बोलला, "बटाटे चांगले आहेत." मी बोदिलकडे बघितलं, बोदिलनं छताकडे बघितलं. माझा नवरा अक्सेल तेव्हा होता. पाहुणा गेल्यावर तो म्हणाला, "वाईट नाही." अक्सेलनं आमच्या लग्नाच्या दिवशी माझ्याबद्दलही एवढंच म्हटलं होतं, तेव्हा मी समजले की हे लग्न होणार.

बंदरातल्या लिलावाच्या हॉलमध्ये एक मोठं घड्याळ आहे. वेळेचं नव्हे, भावाचं. काटा वरून खाली उतरत येतो आणि जो व्यापारी आधी बटण दाबेल त्याचा तो मासा. हे घड्याळ एक यंत्र चालवतं. ते बर्फखान्याच्या मागच्या खोलीत असतं, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि त्या सर्व्हरला सांभाळतो एस्किल. इथपर्यंत माझ्या डोक्यात उजेड आहे. पुढे धुकं.

हॉलचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. लिलावाच्या सकाळी कॉफी, राईचा पाव, लिव्हरची पेस्ट, चीज. एस्किल मधेच येऊन उभ्याउभ्या कॉफी पितो. एकदा मी त्याला सरळच विचारलं.

"तू त्या खोलीत बसून करतोस काय?"

"यंत्र काय बोलतंय ते लिहून ठेवायची व्यवस्था करतो."

"यंत्र बोलतं?"

"सारखं बोलत असतं, डॅग्नी." जावई मला नावानंच हाक मारतो, आमच्या बंदरात सगळेच मारतात. "वजनकाटा म्हणतो, मी एवढं वजन केलं. घड्याळ म्हणतं, मी काटा सोडला. दार म्हणतं, कोणीतरी आत आलं."

"कोणाशी बोलतात ते?"

"कोणाशीच नाही. म्हणून तर लिहून ठेवावं लागतं. त्या फाईलला लॉग म्हणतात."

"आणि वाचतं कोण?"

"मी. काही बिघडलं तर."

"नाही बिघडलं तर?"

"तर फेकून देतो."

"न वाचता?"

"न वाचता."

माझी एक मावशी होती, ती आयुष्यभर एकटीच बडबडायची. तिची बडबड कोणी पगार घेऊन लिहिली असती तर बिचारीला किती बरं वाटलं असतं, असं माझ्या मनात आलं. पण मी ते बोलले नाही.

त्यातही म्हणे व्यवस्था असते. वजनकाट्याचं बोलणं एका फाईलमध्ये, घड्याळाचं दुसऱ्या, दाराचं तिसऱ्या. किरकोळ कुरकुर एकीकडे, आणि "आग लागली" छापाचं बोलणं थेट एस्किलच्या फोनवर. ते लावून द्यायला त्याला महिने लागले. आमच्या घरात तिघं जण एकदम बोलायला लागली तर मला एकाचंही कळत नाही, तेव्हा त्या कामाबद्दल मला आदरच आहे.

पण फाईल वाढत जाते, आणि तिला ठेवायची जागा वाढत नाही. ती जागा म्हणजे डिस्क. मग एस्किल दर रविवारी ती फिरवतो. फिरवतो म्हणजे काय, हे मला माझ्याच कोठीत कळलं, आणि फार महागात कळलं.

झालं असं की मी गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते, तर हा गुणी माणूस म्हणाला, तुझी कोठी मी नीट लावून ठेवतो. मी घरी आले. फळीवर मुरवलेल्या बीटच्या बरण्या ओळीनं, चिठ्ठ्या लावलेल्या. पण मागची रांगच गायब.

"माझं जुनं बीट कुठाय?"

"तू नवीन बरणी केलीस की ती पुढे ठेवायची," तो समजावून सांगायला लागला. "आधीची एक घर मागे सरकवायची. तिच्या मागची आणखी एक घर मागे. सगळ्यात मागची बाहेर. फळी कधीच भरत नाही."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"कचऱ्यात."

"अरे, जुनं तेच तर चांगलं मुरलेलं असतं!"

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. खाण्यासाठी ठेवलेली वस्तू आणि फेकण्यासाठी ठेवलेली वस्तू यांत फरक असतो, हे त्याच्या त्या खोलीत कोणी त्याला शिकवलं नव्हतं. बोदिल भिंतीला टेकून हसत होती. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि तो स्वभावानंच बोलत नसल्यामुळे ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

असा हा माणूस. तो कोणाचं वाईट करत नाही. कुत्र्याला रस्ता देतो. रांगेत त्याच्या पुढे कोणी घुसलं तर तोच "माफ कर" म्हणतो.

गेल्या वसंतात मात्र त्याच्यावर संकट आलं. व्यापाऱ्यांची तक्रार होती की बटण दाबलं तरी घड्याळ कधी कधी ऐकत नाही. दोष सापडावा म्हणून एस्किलनं लिलावाच्या प्रोग्रामला सांगितलं, आता बारीकसारीक सगळं बोल, काही लपवू नकोस. दोष सापडला. खाऱ्या हवेनं एक वायर कुजली होती. वायर बदलली, सगळे खूश. पण त्या प्रोग्रामला "आता पुरे" म्हणायला एस्किल विसरला. ते बोलतच राहिलं. रविवार यायच्या आधीच डिस्क काठोकाठ भरली आणि ऐन लिलावात घड्याळाचा काटा मधेच उभा राहिला. क्रेटवरचं बर्फ वितळतंय, बाहेर मासे न्यायला आलेल्या गाड्या घरघरताहेत, आणि व्यापारी एकमेकांकडे असे बघताहेत जसं काही शेजाऱ्यानंच तो काटा धरून ठेवलाय.

बंदर समितीची अध्यक्ष गुनहिल. बोटीवर वाढलेली बाई, तिचा आवाज धक्क्याच्या टोकाला ऐकू जातो. तिनं एस्किलला बोलावून सांगितलं, "हिवाळ्याच्या बैठकीपर्यंत हे घड्याळ पुन्हा एकदा थांबलं, तर आपला लिलाव दक्षिणेच्या मोठ्या बंदराच्या यंत्रावर जाईल. ते केव्हापासून मागताहेत. आणि आता मला सगळं लिहिलेलं हवं. काय झालं, कधी झालं, सगळं. कळलं?"

"सगळं?" एस्किलनं विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं!"

लिलाव तिकडे गेला म्हणजे एस्किलचं इथलं काम संपलं. त्याच्यासारख्या माणसाला आमच्या गावात दुसरं काय मिळणार? मासा त्याला ओळखता येत नाही. म्हणजे ती दोघं दक्षिणेला जाणार, आणि मी इथं बरण्यांशी बोलत बसणार. बोदिलनं तर तिकडे एक घर बघूनही ठेवलं. मालकाला सांगितलं, बहुतेक घेऊ.

"बहुतेक म्हणजे?" मी विचारलं.

"बहुतेक म्हणजे घड्याळ थांबलं तर."

एस्किलनं मग नवा नियम केला. प्रोग्राम सगळं बोलणार, कारण गुनहिलला सगळं हवं. पण फाईल फिरवायला रविवारची वाट बघायची नाही. ती ठरल्याहून जास्त फुगली की लगेच मागे सरकवायची आणि पुढे नवी कोरी ठेवायची. नियम लिहिला आणि तो रोज ती नवी फाईल उघडून बघायला लागला. फाईल कोरी. दुसऱ्या दिवशीही कोरी. आठवडे गेले, कोरीच. एस्किल एवढा सुखावला की कॉफी पिताना ऑर्गनचे सूर गुणगुणायला लागला.

"काय रे, यंत्राचं कसं काय?" थोरवाल विचारायचा.

"गप्प आहे. कसली म्हणून कुरकुर नाही."

"माझी बायको गप्प बसली की मी आधी डॉक्टरला फोन करतो," थोरवाल म्हणाला. सगळे हसले. एस्किलही हसला.

मग ऑक्टोबर आला. आठवडाभर वादळ होतं, बोटी धक्क्याला बांधून पडल्या होत्या. वादळ निवलं आणि सगळ्या एकदम बाहेर पडून एकदम परत आल्या. त्या सकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, क्रेटवर क्रेट. मी पाव कापायला सुद्धा घेतला नव्हता, कारण कॉफीची सुट्टी कॉड संपल्यावर असते आणि तेव्हा कॉड अर्धाही झाला नव्हता. एवढ्यात हॉलमधून थोरवालचा आवाज आला, "कॉफी!"

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. आत लोकांचा लोंढा. "एवढ्या लवकर?" "थोरवालचं घड्याळ बिघडलं की पोट?" "पाव कुठाय?" मी म्हटलं, पाव अजून अख्खा आहे, दातांनी तोडायचा असेल तर तोडा. थोरवाल दारातून माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मला वाटलं याच्या डोळ्यात काही गेलं. मग त्यानं मान बर्फखान्याकडे वळवली. मी एक कप भरला आणि तिकडे गेले.

एस्किल खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता.

"भरलंय," तो म्हणाला. "पण रिकामं आहे."

"कॉफी घे."

"नाही, ऐक ना. डिस्क भरली म्हणून काटा थांबला. मी बघितलं, मागे सरकवलेली जुनी फाईल अफाट फुगली होती. नवी कोरी, आणि जुनी फुगलेली. का, कळलं नाही. ती पुसली. तरी डिस्क भरलेलीच!"

"पुसली ना तू?"

"पुसली. हे बघ, नाहीच आहे. मी आता इथल्या सगळ्या फाईलची बेरीज केली, तर अर्धी डिस्कसुद्धा होत नाही. आणि डिस्क म्हणते मी भरले."

"मग उरलेलं कुठाय?"

"तेच तर!"

मी वाकून टेबलाखाली बघितलं. तिथं एक वायर आणि कोणाचा तरी मोजा होता.

"बंद करून चालू कर," मी म्हटलं. आमच्या टीव्हीला तेच करतात.

"केलं तर सुटेल. पण त्याला उठायला फार वेळ लागतो. तोवर दक्षिणेच्या गाड्या निघून जातील, आणि मग कॉफी म्हणून कोणालाच फसवता येणार नाही."

हॉलमध्ये थोरवाल मोठमोठ्यानं वादळाची गोष्ट सांगत होता. ती गोष्ट मला पाठ आहे, ती नेहमी लवकर संपते. आज त्यानं त्यात एक देवमासा घातला होता.

एस्किल काहीतरी टाइप करायला लागला. "कोणाच्या हातात कुठली फाईल आहे ते तरी विचारतो," असं पुटपुटला. पडद्यावर ओळींवर ओळी आल्या. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं, आणि तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून मागे रेलला.

"ते अजून त्यातच लिहितंय."

"कोण? कशात?"

"लिलावाचा प्रोग्राम. मी पुसलेल्या फाईलमध्ये."

"पुसलेल्यात कसं लिहील?"

"मी फाईल मागे सरकवायचा नियम केला. पण रविवारी सांगायचो तसं प्रोग्रामला सांगायचं राहिलं, की बाबा, हातातली सोड आणि नवी उघड. ते बिचारं जुनीच धरून लिहीत बसलं. म्हणून नवी कोरी होती! आणि आज मी जुनी पुसली, तर फक्त नाव पुसलं गेलं. ज्यानं ती धरलीय तो सोडत नाही तोवर फाईल जात नाही. दिसत नाही, पण जागा खाते."

"म्हणजे नाही आणि आहे?"

"हो."

"दोन्ही?"

"डॅग्नी, मला जरा…"

त्यानं एक छोटीशी ओळ टाइप केली. म्हणजे प्रोग्रामच्या खांद्यावर टकटक केली म्हणे, की सोड आता. दुसऱ्याच क्षणी डिस्क मोकळी झाली. हॉलमधून "आं!" असा आवाज आला. काटा हलला होता. थोरवालनं देवमासा तसाच अर्ध्यावर सोडला आणि ओरडला, "चला, चला, कॉड वाट बघतोय!" लोक तोंडात घास घेऊनच बटणांकडे पळाले.

मला वाटलं, सुटलो. पण एस्किल पडद्याकडे बघतच बसला होता.

"आता काय?"

"ती फाईल गेली. खरंच गेली. कित्येक महिन्यांचं सगळं बोलणं त्यात होतं. गुनहिलला सगळं लिहिलेलं हवं होतं ना? जाऊ द्यायच्या आधी मी तिची नक्कल काढून ठेवू शकलो असतो. सुचलंच नाही."

लिलाव संपल्यावर गुनहिल आली. ती वरच्या खोलीत फोनवर होती आणि तिच्या कानावर काहीतरी अर्धवट आलं होतं.

"घड्याळ थांबलं होतं का?" तिनं हॉलच्या मधोमध उभं राहून विचारलं.

एक व्यापारी म्हणाला, कॉफीची सुट्टी होती. दुसरा म्हणाला, सुट्टी होती पण पाव नव्हता. तिसरा म्हणाला, काटा उभा होता खरा, पण सुट्टीत तो उभाच असतो. गुनहिल थोरवालकडे वळली.

"तू काटा थांबवलास की काट्यानं तुला?"

"मला तहान लागली होती," थोरवाल म्हणाला.

"कॉडच्या मधेच?"

"तहान काय मासा बघून लागते?"

"मला ते लिहिलेलं दाखवा," गुनहिल म्हणाली. पण नव्या फाईलमध्ये पहिली ओळच मुळी घड्याळ पुन्हा चालू झाल्यानंतरची होती. त्याच्या आधी काय होतं, काही होतं की नव्हतं, ते सांगणारं जगात काही उरलं नव्हतं. गुनहिल कधी पडद्याकडे, कधी थोरवालकडे, कधी माझ्या पावाच्या तुकड्यांकडे बघत होती. एस्किल तोंड उघडणार तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती तरातरा निघून गेली.

संध्याकाळी बोदिलच्या घरी वाद झाला. म्हणजे बोदिलनं केला, एस्किल बसला होता.

"गप्प बस," बोदिल म्हणत होती. "कोणाला माहीत नाही, कुठं लिहिलेलं नाही. तू बोलला नाहीस तर घड्याळ थांबलंच नाही."

"पण थांबलं होतं."

"रोज ती फाईल उघडून बघत होतास ना? त्याला सगळं बोल म्हटलंस आणि ते चकार शब्द बोलत नाही, तर तुला शंका नाही आली?"

"आली होती," एस्किल म्हणाला. "पण मला फार बरं वाटत होतं."

बोदिल भांडी उगाच जोरात ठेवत राहिली. एस्किल माझ्याकडे वळला.

"डॅग्नी, वर खोबऱ्याचा थर असलेला तो केक तू कसा करतेस?"

बोदिलच्या हातातलं झाकण खाली पडलं, कारण केक म्हणजे काय ते तिला माहीत होतं. आमच्याकडे कामावर कोणी घोटाळा केला की त्यानं केक आणायचा, सगळ्यांसमोर उभं राहून आपला घोटाळा आपल्या तोंडानं सांगायचा. लोक केक खातात, त्या दिवशी मनसोक्त टोमणे मारतात, आणि मग तो विषय संपतो. पुन्हा कोणी काढायचा नाही. पण हे कप फुटला, चावी हरवली, असल्या गोष्टींसाठी. अख्खा लिलाव हातातून जाईल अशा गोष्टीसाठी केक आणलेला मी कधी बघितला नव्हता.

"समितीपुढे नेणार आहेस?" मी विचारलं.

"हो."

"अरे, पण ते विचारतही नाहीत!"

"म्हणूनच," तो म्हणाला. आता यातलं 'म्हणून' मला आजवर कळलेलं नाही. मी लोणी वितळायला ठेवलं. त्याला ढवळायला दिलं, तर त्यानं खोबऱ्याचा थर खाली आणि केक वर ओतला. तो मी परत केला.

हिवाळ्याच्या बैठकीला मीच कॉफी नेते. त्या दिवशी एस्किलनं केक टेबलावर ठेवला आणि बोलायचे कागद गाडीत राहिले म्हणून तो खाली पळाला. टेबलावर केक आणि शेजारी कोणी नाही. समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीतरी म्हणालं, गुनहिलचा वाढदिवस दिसतो. वाढदिवसाला टेबलावर ठेवतात तो छोटा झेंडा कपाटातून काढून केकशेजारी ठेवला गेला. गुनहिल दारातून आत आली तर सगळे उभे राहून वाढदिवसाचं गाणं म्हणताहेत.

"माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो," ती म्हणाली.

"मग हा कोणाचा?"

"मला काय माहीत? कापा तर खरा."

एस्किल धापा टाकत वर आला तेव्हा अर्धा केक संपला होता. व्यापाऱ्यांच्या बाजूनं बसणारी क्यर्स्टन तर दुसरा तुकडा घेत होती. तो टेबलाच्या टोकाला उभा राहिला. कागद त्यानं आणले होते, पण ते बघितले नाहीत.

"केक माझा आहे," तो म्हणाला.

सगळ्यांचे काटे हवेतच थांबले.

त्यानं सांगितलं, पहिल्यापासून. फाईल, ती मागे सरकवणं, प्रोग्रामचं तीच धरून बसणं, फाईल पुसूनही पुसली न जाणं. मी चेहरे बघत होते. समितीतल्या एका म्हाताऱ्या बोटमालकानं मधेच विचारलं, "म्हणजे कोणाचे मासे पुसले गेले?" क्यर्स्टन म्हणाली, मासे नाहीत, फाईल. तो म्हणाला, "मग मासे कुठं गेले?" मला एवढं बरं वाटलं! त्या खोलीत माझ्यासारखं आणखी कोणीतरी होतं.

"पुरे," गुनहिल म्हणाली. "मला एकच सांग. त्या दिवशी घड्याळ थांबलं होतं?"

"थांबलं होतं. माझ्या चुकीनं."

समितीत थोरवालही होता, तो खुर्चीत चुळबुळला. "मला तहानही लागली होती," तो हळूच म्हणाला.

"तुझं नंतर बघते." गुनहिलनं बशी खाली ठेवली. "मी वसंतात काय म्हटलं होतं ते सगळ्यांना आठवतंय. पुन्हा थांबलं तर लिलाव दक्षिणेला."

एस्किल तसाच उभा. मी कॉफीचं भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं, ते भाजत होतं तरी ठेवायचं सुचत नव्हतं.

"पण गुनहिल," थोरवाल म्हणाला, "केक तू खाल्लास."

"मग?"

"खाल्ला की विषय संपतो."

"मला वाढदिवसाचा वाटला!"

"मार्चमध्ये असतो म्हणालीस ना?"

गुनहिलनं बशीकडे बघितलं. बशीत खोबऱ्याचे कण तेवढे उरले होते. यावर मग जो गोंधळ उठला तो काय सांगू! एक म्हणे, न कळता खाल्लेला केक मोजायचा नाही. दुसरा म्हणे, पोटात गेला म्हणजे मोजायचाच. बोटमालक म्हणाला, ज्यांनी खाल्ला नाही त्यांनीच मत द्यावं. खाल्ला नव्हता असा एकटा तोच निघाला, साखरेचा त्रास म्हणून.

शेवटी क्यर्स्टननं टेबलावर चमचा आपटला. "मी दक्षिणेच्या बंदरातही खरेदी करते," ती म्हणाली. "त्यांचं घड्याळ गेल्या महिन्यात दोन वेळा थांबलं. मी विचारलं का थांबलं, तर म्हणे थांबलंच नाही. मी तिथं उभी होते! इथं घड्याळ बिघडलं की हा माणूस येऊन सांगतो तरी. मला काही कळत नाही तो काय सांगतो ते. पण सांगतो."

मग गुनहिलनं एस्किलला विचारलं, "ते यंत्र एवढं बोलायला कोणी सांगितलं होतं त्याला?"

एस्किल घुटमळला. "तू."

"मी?"

"सगळं म्हणजे सगळं, असं म्हणालीस."

"आणि त्या सगळ्यातलं मी किती वाचलं?"

"काहीच नाही."

गुनहिलनं नाक पुसलं. "मग मला सगळं नको. बिघडलं तर सांग, भरत आलं तर सांग. बाकी काय फेकायचं ते तुझं तू फेक. लिलाव इथंच राहील. हरकत आहे कोणाची?" हरकत फक्त बोटमालकाची होती, कारण त्याला अजून त्या माशांचं उत्तर मिळालं नव्हतं.

एस्किल खाली बसला. आभार वगैरे मानायचे त्याला सुचले नाहीत. उरलेल्या केककडे बघून तो क्यर्स्टनला म्हणाला, "वरचा थर चांगला आहे." आणि मग सगळ्यांनी त्याला सोलून काढला. कोणी म्हणालं, खिशात पुसलेल्या चाव्या तर नाहीत ना? कोणी म्हणालं, बायकोला विचार तिनं तुला धरलंय की सोडलंय. तो लाल होऊन हसत होता.

आम्ही घरी आलो तेव्हा बोदिल खिडकीत उभी होती. एस्किलनं मान हलवली, म्हणजे होय की नाही ते तिला कळलं नाही, म्हणून मीच ओरडून सांगितलं. तिनं तिथल्या तिथं दक्षिणेच्या घरमालकाला फोन लावला.

"घर नको," ती म्हणाली. पलीकडून तो काहीतरी विचारत होता. "नाही, घर चांगलं आहे… नाही, भाड्याचं काही नाही… नवऱ्याचं घड्याळ थांबलं होतं, म्हणून नको… हो, थांबलं असतं तर हवं होतं. थांबलं, म्हणून नको… तसं नाही, त्यानं सांगितलं म्हणून…" मग तिनं फोन कानापासून लांब धरला आणि एस्किलकडे दिला. "तूच सांग बाबा त्याला."

एस्किलनं फोन घेतला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "असं बघ, एक फाईल होती."

मी कोट काढला आणि बटाटे सोलायला घेतले. ते बोलणं लवकर संपणार नव्हतं.